पटकथेतला शेजारधर्म

जानेवारी १९५४मध्ये समीक्षक फ्रान्स्वा त्रुफोने ‘काइए द्यू सिनेमा’ या मासिकात फ्रान्सच्या नामवंत पटकथाकारांची खरडपट्टी काढली. चित्रपट हा दिग्दर्शकाचाच, हा विचार त्यानंतर असा रुजला की कागदावर काम करणारा माणूस तिथे दुय्यम ठरला. फ्रेंच पटकथाकार आन्येस जावीची कारकीर्द या पार्श्वभूमीवर पाहावी. ती लिहिते, अभिनय करते, दिग्दर्शनही करते. तरी तिच्या चित्रपटांत ‘मी’चा दरारा जाणवत नाही. याचं मूळ तिच्या नटीपणात आहे, असं मला वाटतं.

पॅट्रिस शेरोच्या नाट्यशाळेत घडलेली जावी १९८७मध्ये पिंटरच्या ‘द बर्थडे पार्टी’त काम करताना अभिनेता ज्याँ-पिएर बाक्रीला भेटली. पुढे दोघं सहजीवनात आणि लेखनात जोडीदार झाले; सहजीवन संपलं, तरी लेखन चालूच राहिलं. आधी नाटकं आली, मग दिग्दर्शक आलँ रेनेसाठी ‘स्मोकिंग/नो स्मोकिंग’ (१९९३) आणि ‘ऑं कोने ला शाँसाँ’ (१९९७) या चित्रपटांच्या पटकथा. रेने या जोडीला ‘जाबाक’ म्हणत असे. ‘अँ एर द फामी’ हे त्यांचं नाटक १९९६मध्ये सेद्रिक क्लापिशने पडद्यावर आणलं. एका कॅफेत जमलेलं कुटुंब, जुने सल आणि तिऱ्हाइताच्या नजरेने हे सगळं पाहणारा वेटर. नटाला ठाऊक असतं, की वेटरची भूमिका करणाऱ्यालाही आपला वेटर खराच वाटावा लागतो. म्हणून जावी-बाक्रींच्या लेखनात कुणीही नुसता ट्रे घेऊन येत नाही.

२०००मध्ये जावीने दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट ‘ल गू देझोत्र’, म्हणजे ‘इतरांची आवड’, याच जाणिवेचा विस्तार आहे. कास्तेला हा कारखानदार रासीनचं नाटक नाइलाजाने पाहायला जातो आणि त्यातल्या नटीवर भाळतो. तिची कलावंत मित्रमंडळी त्याच्या अडाणीपणाची थट्टा करतात. तो एका चित्रकाराची चित्रं विकत घेतो, तेव्हा तो भोळा लुबाडला जातोय, अशी नटीला काळजी वाटते. चित्रं त्याला मनापासून आवडली असतील, ही शक्यता तिला सुचतच नाही. वर्गभेद पैशापेक्षा अभिरुचीत जास्त चिवट असतो, हे इथे भाषणाशिवाय कळतं. आणि यात जावीने स्वतःकडे घेतलेली भूमिका? बारमध्ये काम करणारी आणि फावल्या वेळात चरस विकणारी मानी.

या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि पटकथेसह चार सेझार पुरस्कार मिळाले. तिने दिग्दर्शित केलेल्या ‘कॉम यून इमाज’ला २००४मध्ये कान महोत्सवात पटकथेचं पारितोषिक मिळालं. त्यात नामवंत लेखक बाप आपल्या लठ्ठ मुलीकडे पाहतच नाही; आणि तिच्याशी गोड बोलणाऱ्यांचा डोळा बापाच्या ओळखीवर असतो. जावीने रंगवलेली गायनशिक्षिकाही त्या मोहातून सुटत नाही. लेखणी हाती असूनही जावीने स्वतःला सोवळं ठेवलेलं नाही.

हे चित्रपट बोलघेवडे आहेत, कॅमेरा फारसं धाडस करत नाही, हा आक्षेप खोटा नाही. पण इथे माणसं बोलण्यातूनच एकमेकांना दुखावतात. कॅमेऱ्याने फार नाचून दाखवलं असतं, तर तो घाव निसटला असता.

बाक्री २०२१मध्ये गेला. जावीला २०२४मध्ये सन्मान सेझार मिळाला. त्रुफोला चित्रपटावर एकाच माणसाची सही हवी होती. जावीने ती सही बाक्रीसोबत वाटून घेतली, आणि तरीही तिचा चित्रपट पाच मिनिटांत ओळखू येतो. स्वतःची शैली असायला एकट्याची मालकी लागत नाही, एवढं तरी यातून सिद्ध होतं.