ताटातलं गाव

राहनाळहून विमान गाठायचं तर घरून किती वाजता निघावं, हे गणित इथे कुणालाच सुटलेलं नाही. अंजूरफाट्यावर एखादा कंटेनर आडवा झाला की पूर्णा, काल्हेर, कशेळी ओलांडेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. म्हणून माणूस दोन तास हातचे राखून निघतो आणि नेमका त्या दिवशी रस्ता मोकळा मिळाला की तेच दोन तास विमानतळावर अंगावर येतात. भूक लागलेली असते. समोर 'अस्सल स्थानिक चवी'चं उपाहारगृह असतं. भिंतीवर लोकलचा डबा रंगवलेला, चहा कटिंगच्या ग्लासात, मिसळ तांब्याच्या इवल्याशा हंडीत. आपल्या नाक्यावर कागदात गुंडाळून मिळणारा वडापाव इथे लाकडी पाटावर ऐटीत बसलेला.

दर वाचून आपण चरफडतो, आणि आपला हा राग न्यायाचा आहे असं आपल्याला वाटतं. मला त्याची खात्री नाही.

दर का चढतात ते उघड आहे. तिथल्या जागा निविदा काढून दिल्या जातात. दुकानदार विक्रीतला वाटा किंवा ठरलेली किमान रक्कम विमानतळाला देतो, आणि तो भार आपल्या बिलात उतरतो. आत गेलेला प्रवासी बाहेरच्या टपरीवर परत येऊ शकत नाही, हे विकणाऱ्याला ठाऊक असतं. यावर ओरड झाली, संसदेत प्रश्न आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याच्या विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' सुरू झाला: चहा १० रुपये, समोसा २० रुपये. अमेरिकेत पोर्टलंडच्या विमानतळाने तर कितीतरी वर्षं दुकानदारांना शहरातल्या दरानेच विकायला लावलं, आणि गाळेही प्रामुख्याने शहरातल्याच खानावळींना दिले. म्हणजे हे जमतं. ठरवावं लागतं, इतकंच.

पण ही सगळी ओरड प्रवाशाची, प्रवाशासाठी. आपलं टेबल पुसून गेलेला मुलगा त्यात कुठेच नाही. तो बहुधा अशाच एखाद्या वस्तीतून पहाटेची लोकल पकडून आलेला असतो. ज्या मिसळीचं कौतुक पाटीवर लिहिलंय ती त्याच्या घरची न्याहारी, पण इथली एक हंडी मागवायची तर त्याला खिसा दोनदा चाचपावा लागेल. तो जेवतो कुठे, हे आपण विचारत नाही. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर कर्मचाऱ्यांचं कॅन्टीन प्रवाशांनाही खुलं आहे. तिथे हमाल आणि प्रवासी शेजारी बसून भात खातात. तसं कॅन्टीन आपल्याकडे असतं तर आपण तिथे गेलो असतो का? स्वस्त आहे म्हणून गेलो असतो, कदाचित. एरवी आपल्याला गावाची चव हवी असते, गावकऱ्याच्या शेजारची खुर्ची नको असते.

राहनाळच्या माणसाला हे जास्त टोचायला हवं. आपली भातखाचरं गोदामांखाली गेली. काहींनी विकली, काहींनी भाड्याने दिली, आणि त्यात गैर काही नाही. भाताने पोट भरत होतं, कॉलेजची फी निघत नव्हती. (माझ्या या मताशी गावातले जुने लोक सहमत होणार नाहीत.) शेजारच्या वाडा तालुक्यातल्या कोलमाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे 'वाडा कोलम' हे नाव कुणीही कुठल्याही तांदळाला लावू नये, एवढी कायद्याची राखण आता त्याला आहे. उपाहारगृहाच्या पाटीवर 'आगरी थाळी' लिहायला मात्र कसलंही मानांकन लागत नाही. मसाला कुणी कांडला, तांदळाची भाकरी कुणाच्या हाताने थापली, मोबदला किती मिळाला, यातलं काही न सांगता गावाचं नाव वापरता येतं.

आणि आता प्रश्न आणखी जवळ आलाय. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. त्यासाठी उलवे, कोल्ही, कोपर, तरघर, वाघिवली अशा दहा गावा-पाड्यांना घरं सोडावी लागली, उलव्याची टेकडी कापली गेली. त्याआधी जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या भावासाठी झालेल्या आंदोलनात उरणच्या पट्ट्यात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात गेले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील. त्यांचं नाव या विमानतळाला मिळावं म्हणून जून २०२१ मध्ये ठाणे-रायगडचा आगरी-कोळी समाज रस्त्यावर उतरला होता. तिथे कुणी 'स्थानिक' थाळी मांडली, तर ती कुणाच्या जमिनीवर मांडली आहे हे त्या थाळीला ठाऊक असायला हवं.

ताटात भाकरी आली म्हणून न खाता उठावं, असं मी म्हणत नाही. स्वयंपाकी मन लावून रांधतो, त्याचा अपमान कशाला? मात्र किमतीचा प्रश्न विचारणाऱ्या जिभेला दुसराही प्रश्न विचारता यायला हवा. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२२ पासून 'अवसर' योजनेत आपल्या विमानतळांवर महिला बचत गटांना आळीपाळीने विक्रीसाठी जागा द्यायला सुरुवात केली. मुंबई आणि नवी मुंबई ही दोन्ही विमानतळं मात्र खासगी कंपनीच्या हाती आहेत. तिथे उलव्याच्या किंवा वाघिवलीच्या बायकांना भाकरी-सुकटीचा एक गाळा, परवडेल अशा भाड्याने, कायमचा का मिळू नये, हे निविदा काढणाऱ्यांना विचारायला हवं. आपल्या हळदीला रात्रभर वडे तळणाऱ्या बायकांना तो गाळा चालवणं काही जड जायचं नाही.