यंत्रांचा परकायाप्रवेश

मंडनमिश्रांच्या विदुषी पत्नीनें घातलेल्या प्रश्नांचीं उत्तरें देतां यावींत म्हणून श्रीशंकराचार्यांनीं अमरुक नांवाच्या राजाच्या मृत देहांत प्रवेश केला, अशी एक कथा परंपरेनें सांगितली जाते. तिला इतिहास म्हणावें कीं आख्यायिका, हा वाद येथें कर्तव्य नाहीं. आचार्यांनीं कोणाहि जिवंत माणसाला हुसकावून त्याची जागा घेतली नाहीं, हें उघड आहे. परंतु राजा उठून बसला असें समजणाऱ्या राण्यांची व प्रधानांची यांत फसवणूक झाली कीं नाहीं, हा प्रश्न भाविक श्रोत्याच्याहि मनांत आल्यावांचून राहत नाहीं. तोच प्रश्न आज आपल्या खिशांतील स्मार्टफोनानें नव्या वेषांत आपल्यापुढें मांडला आहे.

एका प्रणालीच्या फोनासाठीं लिहिलेलें अ‍ॅप दुसऱ्या प्रणालीच्या फोनावर चालत नाहीं, हा सर्वांच्या परिचयाचा अनुभव आहे. अ‍ॅप हें स्वयंपूर्ण नसतें. पडद्यावर अक्षर उमटव, स्मृतींत जागा दे, आपण कोठें आहों तें सांग, अशा मागण्या तें क्षणोक्षणीं आपल्या यजमान प्रणालीकडे करीत असतें. आणि अँड्रॉइडची मागण्याची भाषा आयफोनला कळत नाहीं, आयफोनची अँड्रॉइडला कळत नाहीं. एम्युलेटर हा प्रोग्राम या दोहोंच्या मध्यें दुभाष्यासारखा बसतो. मात्र दुभाष्या आपलें अस्तित्व लपवीत नाहीं. एम्युलेटराचें सारें कौशल्य तें लपविण्यांतच आहे. परक्या घरीं बसलेल्या अ‍ॅपला तो प्रत्येक उत्तरागणिक असें भासवितो कीं, तूं स्वगृहींच आहेस. तेव्हां जें सोंग घेऊनच चालतें तें असत्य नव्हे काय, अशी शंका कोणी काढली तर ती हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं.

या शंकेचा विचार करतांना प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, दुसऱ्याचें सोंग घेण्याची शक्ति ही गणकयंत्राला बाहेरून चिकटलेली नसून तो त्याचा मूळ स्वभावच आहे. दुसऱ्या यंत्राचें वर्णन ज्याला वाचतां येतें असें एकच यंत्र इतर कोणत्याहि गणकयंत्राचें काम करूं शकतें, हें अ‍ॅलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञानें १९३६ सालींच दाखवून दिलें. आयबीएम कंपनीनें १९६४ सालीं सिस्टिम ३६० ही यंत्रमाला जाहीर केली, तेव्हां जुन्या १४०१ यंत्रासाठीं ग्राहकांनीं लिहवून घेतलेले प्रोग्राम फुकट जाऊं नयेत म्हणून ते नव्या यंत्रांवर चालविण्याची तजवीज तिनें स्वतःच केली. ब्लॅकबेरीनेंहि २०१३ सालच्या आपल्या नव्या प्रणालींत अँड्रॉइडचीं अ‍ॅप्स चालविण्याची सोय ठेविली होती. अशा व्यवहारांत अ‍ॅप लिहिणाऱ्यास अधिक गिऱ्हाईक मिळतें, फोन घेणाऱ्याचें काम होतें, आणि फसतें तें केवळ अ‍ॅप, ज्याला मन नाहीं, मान नाहीं आणि हानिहि नाहीं. जेथें फसणारा कोणी नाहीं, तेथें फसवणूक हा शब्द लक्षणेनेंच वापरला पाहिजे.

परंतु एवढ्यावरून एम्युलेटर सर्वथा निर्दोष ठरतो असें मात्र नव्हे. डिसेंबर २०२० मध्यें आयबीएमच्याच संशोधकांनीं एक प्रकार उजेडांत आणला. भामट्यांच्या एका टोळीनें सुमारें २० एम्युलेटरांच्या साह्यानें १६,००० हून अधिक फोनांचीं सोंगें वठविलीं, आणि अमेरिका व युरोप येथील बँकांच्या ग्राहकांच्या खात्यांतून लक्षावधि डॉलर काढून नेले. येथेंहि अ‍ॅपला सांगितलें गेलें तें तेंच: तूं ओळखीच्या फोनांत आहेस. मग फरक कोठें पडला? येथें अ‍ॅपच्या पाठीमागें बँक होती आणि बँकेच्या पाठीमागें ठेवीदाराचा विश्वास होता; अ‍ॅपला मारलेली थाप त्याच्यामार्फत माणसापर्यंत पोंचली. कित्येक बँकांचीं अ‍ॅप्स एम्युलेटर ओळखतांच चालण्याचें नाकारतात, त्यांत कद्रूपणा नसून सावधगिरी आहे.

तेव्हां प्रश्नाचें खरें स्वरूप असें कीं, यंत्राशीं केलेल्या बतावणींतून कोणा माणसाचें कांहीं हिरावलें जातें काय? ही कसोटी लावली म्हणजे मालकांच्या तक्रारींतील खरें-खोटें निवडतां येतें. सोनीच्या प्लेस्टेशनचे खेळ मॅकिंटॉश संगणकावर चालविणारा एम्युलेटर कनेक्टिक्स कंपनीनें काढला, तेव्हां सोनीनें दावा लावला. परंतु अमेरिकेंतील अपील-न्यायालयानें २००० सालीं कौल दिला तो कनेक्टिक्सच्या बाजूनें. खेळाची किंमत ज्यानें चुकती केली, त्यानें तो कोणत्या यंत्रावर खेळावा यांत खेळ रचणाऱ्याची मजुरी बुडत नाहीं. उलट, निन्टेंडोनें २०२४ सालीं युझू या एम्युलेटराच्या कर्त्यांवर दावा केला तो चोरीचे खेळ खेळण्याचा मार्ग मोकळा करून दिल्याच्या आरोपावरून; आणि २४ लक्ष डॉलर देण्याचें कबूल करून त्यांनीं आपलें काम आवरतें घेतलें. ज्याच्या श्रमाचें मोल बुडतें त्याची तक्रार रास्त आहे. पण आपल्या यंत्राखेरीज अन्यत्र कोणी त्या वस्तूचा उपभोग घेऊं नये एवढीच ज्याची तक्रार, त्याला चोरी झाली असें म्हणण्याचा अधिकार नाहीं.

कोणी म्हणेल, आपलें घर आपल्या मर्जीप्रमाणें बंद ठेवण्याचा हक्क मालकास नाहीं काय? घराचा आहे, विकलेल्या वस्तूवर तो चालत नाहीं. अ‍ॅपलनें जुन्या खेळयंत्रांच्या एम्युलेटरांस आपल्या दुकानांत वर्षानुवर्षें मज्जाव ठेविला होता, तो एप्रिल २०२४ मध्यें उठविला. मायक्रोसॉफ्टनें २०२१ सालीं विंडोज ११ वर अँड्रॉइडचीं अ‍ॅप्स चालविण्याची सोय दिली आणि मार्च २०२५ मध्यें ती काढून घेतली. एकानें दार उघडलें, दुसऱ्यानें लावलें; दोन्ही वेळां गिऱ्हाइकाच्या वांट्यास आलें तें वाट पाहणें.

येथें सोयीच्या पलीकडचा एक प्रश्न उभा राहतो. सिंबियन, पाम, विंडोज फोन या प्रणाली एके काळीं लोकांच्या हातांत होत्या. आज त्या बाजारांतून नाहींशा झाल्या आहेत, आणि त्यांच्यासाठीं लिहिलेलें अनेकांचें काम त्यांच्याबरोबर मुकें झालें आहे. आजोबांनीं घेतलेलें पुस्तक, छापखाना केव्हांच बंद पडला असला तरी, नातवाला वाचतां येतें. आईनें पंधरा वर्षांपूर्वीं पैसे मोजून घेतलेलें अ‍ॅप मुलीला उघडतांहि येत नाहीं. अशा मृत यंत्राचें सोंग घेणारा एम्युलेटर कोणाला फसवीत नाहीं आणि कोणाच्या पोटावर पाय आणीत नाहीं. विस्मृतींत गेलेल्या श्रमाला तो पुन्हां वाचा देतो. त्याला चोर म्हणावयाचें तर पोथ्यांच्या नकला करून त्या आपल्यापर्यंत पोंचविणाऱ्या लेखकूंनाहि तेंच नांव द्यावें लागेल. म्हणून भिंत ओलांडणाऱ्याला ‘तूं कोणाचें काय नेलेंस?’ असें आपण जसें विचारतों, तसेंच भिंत घालणाऱ्यालाहि ‘तूं कोणाचें काय राखलेंस?’ असें विचारण्याची संवय आपणांस लागली पाहिजे. पहिला प्रश्न विचारण्यास न्यायालयें आहेत. दुसरा विचारण्याचें काम पैसे मोजून वस्तु घरीं आणणाऱ्या तुम्हां-आम्हांचें आहे.