मुलाखत कशाची घेतलीत?

बसू नका, आधी ऐकून घ्या. माझ्याच वर्गात शिकलात, आज कंपन्यांत माणसं नेमता, म्हणून हक्कानं बोलते. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायला माणूस हवा होता ना? मग त्या स्वमग्न मुलाला परत का पाठवलंत? नजरेला नजर देत नाही, विचारलं तेवढंच बोलतो, म्हणून! एक तरी चूक शोधायला दिलीत का त्याला? नाही. नुसत्या गप्पा मारून पारखलंत. शिकवलं एक आणि पेपरात विचारलं भलतंच, असं मी केलं असतं तर तुमच्या आईबापांनी शाळा डोक्यावर घेतली असती.

डेन्मार्कचे थोर्किल सोन्ने यांचा मुलगा स्वमग्न. त्यांनी 2004 साली ‘स्पेशलिस्टर्ने’ ही कंपनी काढली आणि मुलाखतीऐवजी उमेदवारांपुढे लेगोचे यंत्रमानव ठेवले. करू दिलं, आणि बघितलं. इतक्या लांब जायला नको. ‘एसएपी’ या सॉफ्टवेअर कंपनीनं स्वमग्न माणसं सॉफ्टवेअर तपासायला आधी घेतली ती 2011 मध्ये, आपल्या बंगळुरूत. 2013 मध्ये तोच उपक्रम जगभर नेला.

आणि ‘ही सगळी मुलं गणितात हुशार असतात’ हेही मला ऐकवू नका. कुणी हिशेबात पक्कं, कुणी चित्रात, कुणाला रोज हाताशी माणूस लागतो. समोरचा एक माणूस बघा. पण बारकावा न सोडणं, नेम न चुकवणं, चूक दिसली की साहेबाची भीड न धरता सांगणं, हे त्यांच्यातल्या अनेकांना जमतं. तुमच्या ऑफिसात किती जणांना जमतं?

आणि कामावर घेतल्यावर ‘जरा बघून घे’ ही काय सूचना झाली? काय, किती, कधीपर्यंत, लिहून द्या. गोंगाट सोसत नसेल तर हेडफोन लावू द्या. वेळापत्रक बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगा. याला पैसा फारसा लागत नाही, शिस्त लागते. आणि सूचना लेखी आल्या की बाकीच्यांचाही घोळ कमी होतो.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के राखीव जागांत या मुलांचाही वाटा आहे. ‘आम्ही खासगी’ म्हणून हात झटकू नका. समान संधीचं धोरण तुम्हालाही बंधनकारक आहे.

सोमवारी त्याला फोन करा. बिघडलेला प्रोग्राम समोर ठेवा, दिवसभर वेळ द्या, मध्ये बोलू नका. चुका सापडल्या तर नोकरी द्या. पूर्ण पगारावर.