व्यंगाचें माप

न्याय आणि माप यांचा संबंध फार जुना आहे. सर्व गिऱ्हाइकांना एकाच मापानें देणारा दुकानदार तोच प्रामाणिक, असें आपण लहानपणापासून शिकतों. आणि ज्याच्या दुकानांत माप नाहीं, केवळ मालकाच्या मर्जीवर देणेंघेणें चालतें, त्याच्याकडे शहाणा मनुष्य पुन्हां जात नाहीं. राज्यसंस्थेलाहि हाच न्याय लागू आहे. ती जेव्हां कांहीं नागरिकांना पेन्शन, नोकरींतील राखीव जागा किंवा प्रवासांतील सवलत देऊं करते, तेव्हां ती कोणाला द्यावयाची व कोणाला नाहीं, हें तिला कांहीं तरी माप लावूनच ठरवावें लागतें. परंतु मोजावयाची वस्तु धान्य नसून माणसाच्या शरीराचें व्यंग असेल, तर तें कशानें मोजावें? आणि मोजल्यावर जो आंकडा हातीं येतो, तो नेमका कशाचा असतो? प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

आपल्या देशांत हें माप टक्क्यांचें आहे. 1995 च्या कायद्यानें सवलतींसाठीं 40 टक्क्यांची मर्यादा घातली. 2016 सालीं नवा कायदा झाला. त्यानें व्यंगाच्या सात प्रकारांच्या जागीं एकवीस प्रकार मान्य केले, पण 40 ची रेषा जेथल्या तेथें ठेविली. मध्यंतरीं ‘अपंग’ हा शब्द जाऊन ‘दिव्यांग’ हा शब्द आला. नांव बदललें, आंकडा बदलला नाहीं. सरकारी रुग्णालयांतील मंडळानें ज्याचें व्यंग 40 टक्के ठरविलें, तो बहुतेक सवलतींस पात्र. ज्याचें 39 ठरलें, तो अपात्र. केंद्र सरकारच्या दिव्यांग पेन्शन योजनेची अट याहून कडक, म्हणजे दारिद्र्यरेषेखालील मनुष्य आणि 80 टक्के व्यंग, अशी ठरली; आणि त्या पेन्शनींत केंद्राचा वाटा 2012 सालीं ठरला तो महिना 300 रुपयांचा!

हे टक्के येतात कोठून, हें पाहण्यासारखें आहे. पायाच्या व्यंगाचेंच उदाहरण घेऊं. 2001 सालीं प्रसिद्ध झालेल्या सरकारी नियमांत पायाच्या कार्याचे दोन भाग केले आहेत: एक हालचालीचा व दुसरा स्थैर्याचा. स्थैर्य पाहण्यासाठीं नऊ क्रिया सांगितल्या आहेत. सपाटीवर चालणें, उतारावर चालणें, जिना चढणें, दोन्ही पायांवर उभें राहणें, अधू पायावर उभें राहणें, उकिडवें बसणें, मांडी घालून बसणें, गुडघे टेकणें आणि वळणें. प्रत्येकीला 10 गुण, एकूण 90. शरीरांत दोन निरनिराळीं व्यंगें असतील, तर त्यांची सरळ बेरीज करीत नाहींत. मोठ्या आंकड्यांत लहान आंकडा एका ठरीव प्रमाणानें घटवून मिळवितात. म्हणजे 30 आणि 30 मिळून 60 न होतां 50 होतात.

हे नियम करणाऱ्यांना आपल्या लोकांची राहणी ठाऊक होती, हें प्रथमच कबूल केलें पाहिजे. मांडी घालतां येत नाहीं म्हणजे पंगतींतून, पूजेच्या पाटावरून आणि भजनाच्या बैठकींतून मनुष्य उठला, हें परदेशी कोष्टकांत कोणी लिहिलें नसतें. परंतु या नऊही क्रियांचें मोल सारखें कसें? भिक्षुकी करणाऱ्यास मांडी म्हणजे उपजीविका. कचेरींतल्या कारकुनाचें तिच्यावांचून फारसें अडत नाहीं. शनिवार पेठेंतील जुन्या वाड्याच्या माडीवर राहणाऱ्या विधवेला तो उभा, काळोखी लाकडी जिना म्हणजे सारें जग. कोथरूडच्या नव्या इमारतींत लिफ्टनें वरखालीं करणाऱ्या तिच्या बहिणीला जिना आठवतहि नाहीं. दोघींचे गुडघे एकसारखे दुखावलेले असले, तर दोघींच्या प्रमाणपत्रावर एकच आंकडा पडेल. तो आंकडा गुडघ्यांबद्दल खरें सांगतो. दोघींच्या दिवसाबद्दल मात्र तो कांहींच सांगत नाहीं.

आणि गंमत अशी कीं, कायद्याला हें कळत नाहीं असें नाहीं. 2016 च्या कायद्यानें दिव्यांग व्यक्तीची जी व्याख्या केली आहे, तिचा आशय असा: दीर्घकाळ टिकणारें शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा इंद्रियविषयक व्यंग, आणि त्या व्यंगाला वाटेंत भेटणारे अडथळे, या दोहोंच्या संयोगानें ज्याला समाजांत इतरांच्या बरोबरीनें भाग घेतां येत नाहीं, तो दिव्यांग. म्हणजे अर्धें अपंगत्व शरीरांत आणि अर्धें शरीराबाहेर, जिन्यांत, फुटपाथांत, बसच्या उंच पायरींत. व्याख्या दोन्ही अर्धांची; माप मात्र एका अर्धाचें. बाहेरच्या अर्धाचा हिशेब कोणाच्याच खातीं पडत नाहीं.

हा घोटाळा आजचा नाहीं. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा 1923 सालीं झाला. त्याच्या कोष्टकांत आंगठा गेल्यास 30 टक्के, तर्जनी समूळ गेल्यास 14, मधलें बोट गेल्यास 12, अशी कमाईच्या शक्तीची हानि लिहिली आहे. बोटांचा असा दर लावलेला पाहून मन दचकतें. पण त्याशिवाय गिरणींतल्या कामगाराला मालकाच्या दयेवर राहावें लागलें असतें, हेंहि विसरतां येत नाहीं. पुढें एका सुताराचा डावा हात कोंपराच्या वरून गेला. कोष्टकाप्रमाणें ही हानि अंशतःच होती. पण एका हातानें सुतारकाम होत नाहीं, म्हणून ही हानि संपूर्ण समजली पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें 1975 सालीं ठरविलें. 2010 सालीं अपघाताच्या एका दाव्यांत त्याच न्यायालयानें हें तत्त्व अधिक स्पष्ट केलें: डावा हात गेलेल्या वाहनचालकाची कमाई जवळजवळ बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी राहूं शकते, म्हणून शरीराची टक्केवारी आणि कमाईची टक्केवारी या दोन वस्तु आहेत.

पुणेकरांना तर या विषयाचा एक जुना धडा घराजवळच मिळण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धांत, 1917 सालीं, स्थापन झालेली व पुढें खडकीस आलेली क्वीन मेरी तंत्रसंस्था, 1944 पासूनचें कृत्रिम अवयव केंद्र आणि 1974 सालीं खडकीस निघालेलें पक्षाघात पुनर्वसन केंद्र या तिन्ही संस्था जखमी सैनिकांसाठीं निघाल्या. काय गेलें यापेक्षां काय करतां येईल, हा त्यांच्या कामाचा पाया आहे. सैनिकांच्या पेन्शनींतहि 1996 पासून एक बोलकी सुधारणा झाली. व्यंगाचे नेमके टक्के न धरतां, 50 हून कमी असल्यास 50, त्यापुढें 75 पर्यंत 75 आणि त्याहून अधिक असल्यास 100, असे ते वर चढवून धरण्याचें ठरलें. म्हणजे आपलें माप इतकें बारीक नाहीं, आणि चूक व्हावयाचीच तर ती घेणाऱ्याच्या बाजूनें व्हावी, हें सरकारनेंच एका ठिकाणीं मान्य केलें. मग 39 आणि 40 यांच्यामध्यें भिंत उभी करणाऱ्या दुसऱ्या खात्याला आपल्या तराजूवर एवढा भरंवसा कशाचा?

शरीराऐवजीं दिनचर्याच मोजली तर? इंग्लंडांत 2013 पासून तसा प्रयोग चालू आहे. तेथें स्वयंपाक, जेवण, स्नान, कपडे घालणें, वाचणें, पैशांचा व्यवहार अशा दैनंदिन जीवनाच्या दहा क्रिया आणि चालण्याफिरण्याच्या दोन, अशा बारा सदरांत गुण देतात. एका विभागांत 8 गुण झाले तर साधी मदत, 12 झाले तर वाढीव. क्रिया एकदां कशीबशी करून दाखविली एवढ्यानें भागत नाहीं. ती सुरक्षितपणें, नीट, पुन्हांपुन्हां आणि वाजवी वेळांत करतां आली पाहिजे, असाहि नियम आहे. ही पद्धत आपल्या पद्धतीहून माणसाच्या अधिक जवळ जाते, यांत शंका नाहीं. पण तेथेंहि रेषा आहेच. वीस मीटरांच्या पुढें ज्याला चालवत नाहीं त्याला 12 गुण. आधार घेऊन पन्नास मीटरांपर्यंत जो जातो त्याला 10. शिवाय या पद्धतींत एक नैतिक पेंच आहे. एखाद्या बाईनें वर्षानुवर्षें धडपडून एका हातानें भाकरी थापण्याची कला साधली, तर ती तिच्याविरुद्ध पुरावा होते. जिनें हातपाय गाळले तिला गुण अधिक, जिनें जिद्द धरली तिला कमी. मदत मिळविण्यासाठीं माणसाला आपल्या आयुष्यांतले वाईटांत वाईट दिवस परक्या माणसासमोर मांडावे लागतात, आणि चांगला दिवस लपवावासा वाटतो. स्वाभिमानी मनुष्याला ही शिक्षा लहान नव्हे.

तेव्हां आंकडा मोडूनच टाकावा काय? आमचें मत तसें नाहीं. आंकडा गेला कीं त्याच्या जागीं साहेबाची मर्जी येते, आणि मर्जी नेहमीं ओळखीच्या माणसाकडे झुकते. खोट्या प्रमाणपत्रांचें भयहि काल्पनिक नाहीं. 2024 सालीं पुण्यांत नेमलेल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर जो वाद झाला, तो वाचकांच्या स्मरणांत असेलच. मात्र अशा प्रत्येक वादानंतर संशयाची झळ लागते ती ज्याला खरोखरच पायरी चढवत नाहीं त्याला. पुन्हां रांग, पुन्हां तपासणी, पुन्हां तोच प्रश्न.

दोष मापांत नाहीं. एकाच मापानें तीन निराळ्या वस्तु मोजण्यांत आहे. शरीरांत काय उणें आहे, हा एक प्रश्न. त्या उणेपणामुळें रोजचें जगणें किती खर्चाचें व कष्टाचें झालें आहे, हा दुसरा. आणि हा मनुष्य अमुक काम करूं शकेल काय, हा तिसरा. पहिल्याचें उत्तर वैद्य देऊं शकतो. दुसऱ्याचें उत्तर घर, जिना आणि मिळकत पाहिल्याशिवाय देतां येत नाहीं. तिसऱ्याचें उत्तर तें काम जाणणाऱ्यानेंच द्यावें. आपण मात्र तिहींचें उत्तर एका कागदावरच्या एका आंकड्याकडून मागतों.

याचें विपरीत फळ महाराष्ट्रांतील एका विद्यार्थ्याच्या वांट्यास आलें. त्याला वाणीचें व्यंग होतें. राखीव जागेसाठीं 40 टक्के तरी हवेत. पण वैद्यकीय शिक्षणाचा नियम असा कीं, वाणीचें व्यंग 40 टक्के झालें कीं प्रवेशच नाहीं. एकाच आंकड्यानें दार उघडावयाचें आणि त्याच आंकड्यानें लावावयाचें! ऑक्टोबर 2024 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, केवळ टक्केवारीवरून कोणाला अपात्र ठरवितां येणार नाहीं. तो विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करूं शकेल काय, हें मंडळानें पाहिलें पाहिजे. 2021 सालींहि, परीक्षेंत लेखनिक मिळण्यास 40 टक्क्यांची अट लावतां येणार नाहीं, असें त्याच न्यायालयानें म्हटलें होतें. ज्याला हातानें लिहितां येत नाहीं त्याला लेखनिक हवा. त्याचे टक्के विचारण्याचें कारणच काय?

मार्ग दिसतो तो असा. पेन्शन कष्टाच्या व खर्चाच्या मानानें पायरीपायरीनें द्यावी, म्हणजे 39 व 40 यांत दरी राहणार नाहीं. काम देतांना काम पाहावें. मंडळानें आंकड्याबरोबर कारणें लिहून द्यावीं, म्हणजे दाद मागतां येईल. आणि व्यंगाचा जो अर्धा भाग शरीराबाहेर आहे, त्याचा हिशेब आपण सर्वांनीं द्यावा. सोसायटीच्या सभेंत दाराशीं उतार बांधण्याचा विषय निघतो, तेव्हां खर्च कशाला, असें म्हणून जो हात वर होतो, तोहि कोणाच्या तरी व्यंगांत भर घालीत असतो. त्या हाताचे टक्के कोणतेंहि मंडळ मोजीत नाहीं. ते ज्याचे त्यानेंच मोजावयाचे आहेत.