अनोळखी पाहुण्याचा हक्क

हिंवाळा लागला म्हणजे पुणें जिल्ह्यांतील कातळी टेकड्यांवर एक लहानसा पक्षी उतरतो. तो वटवट्यांच्या कुळांतला असून वजनानें दहा ग्रॅमहि भरत नाहीं. पाठ राखट, पोट गंधकासारखें पिंवळसर आणि डोळ्यावर पिंवळी भिंवई, एवढाच त्याचा थाट. खडकांवरून व झाडांच्या बुंध्यांवरून सरपटत तो किडे वेंचतो. ब्लिथ नांवाच्या शास्त्रज्ञानें १८४७ सालीं त्याचें वर्णन केलें. तरी टेकडीच्या पायथ्याशीं राहणाऱ्या बहुतेकांस त्याची ओळख नाहीं.

त्याचें जन्मस्थान येथून शेंकडों कोस दूर आहे. काश्मीर, लडाख, अफगाणिस्तान व मध्य आशिया यांतील उंच पर्वतांवर, जेथें झाडी विरळ होऊन दगड व खुरटीं झुडपें उरतात, तेथें तो पिलें वाढवितो. थंडी पडूं लागली कीं तो आमच्या उबदार कातळांकडे येतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परत जातो.

इकडे आमच्या पट्ट्याचें रूप पालटलें आहे. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढें भोसरी, चिंचवड व चाकणपर्यंत कारखाने पसरले. त्यांनीं हजारों घरांस भाकर दिली, हें आम्ही कृतज्ञतेनें मान्य करितों. परंतु इमारतींस खडी लागते, रस्त्यांस मुरूम लागतो, आणि तो टेकड्या फोडूनच निघतो.

आतां कोणी विचारील, ‘या पांखराचा आम्हांवर हक्क तो कोणता?’ प्रश्न सोपा नाहीं. हा पक्षी मोरासारखा देखणा नाहीं. हिंवाळ्यांत त्याचें गाणेंहि क्वचितच कानीं पडतें. त्याची जात नाहींशी होण्याच्या बेतांत आहे असेंहि नाहीं. तेव्हां सौंदर्य, उपयोग व दुर्मिळता हे तिन्ही दाखले त्याच्यापाशीं नाहींत.

आमच्या मतें दाखला मागण्याची ही रीतच उलटी आहे. दारीं आलेल्या वाटसरूस पाणी देण्यापूर्वी ‘तुझा उपयोग काय?’ असें आम्ही विचारीत नाहीं. जो कोणाचा निवारा मोडतो, त्यानेंच आपली गरज सिद्ध केली पाहिजे. ज्याचा निवारा मोडतो, त्यानें आपली योग्यता सिद्ध करावी हा न्याय नव्हे. आणि येथें तर दुसरा पक्ष मुका आहे.

याचा अर्थ माणसानें पांखरासाठीं उपाशी रहावें असा नाहीं. घर बांधणें ही गरज आहे; पण जवळ पडते म्हणून सबंध टेकडी खरवडणें ही केवळ सोय आहे. गरज आणि सोय यांतील भेद ओळखणें हेंच येथें विवेकाचें काम. तेव्हां गांवच्या टेकडीचा प्रश्न ग्रामसभेपुढें येईल त्या दिवशीं वाचकांनीं उठून एवढें तरी विचारावें: किती खणणार, कशासाठीं, आणि झुडपांसह कोणता कातळ राखणार? हा प्रश्न त्या पाहुण्यास विचारतां येत नाहीं. म्हणून तो आम्हीं विचारला पाहिजे.