सब्र कुणाचा, किंमत कुणाची?

"अजून लहान आहे, मोठा झाला की वाचील." वाचनात अडखळणाऱ्या मुलाबद्दल आपल्या घरांत हे वाक्य मायेने बोलले जाते. त्याला आपण सब्र म्हणतो. पण स्वतःच्या अडचणीत धीर धरणे हा सब्र. ज्याला आपली अडचण सांगताही येत नाही अशा लेकराच्या बाबतीत आपण शांत बसलो, तर त्याला काय म्हणावे?

माजलगावात उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवताना एक गोष्ट वारंवार दिसते. मूल धडा घडाघडा म्हणते, बोटही ओळीवरून फिरते. त्याच ओळीतला मधला एक शब्द वेगळा विचारला की गप्प होते. ते वाचत नसते, पाठ म्हणत असते. उर्दूत बे, पे, ते, से यांचा आकार एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. शब्दातील जागेप्रमाणे अक्षराचे रूप बदलते. पुढे जेर-जबरही सहसा छापलेले नसतात. त्यात मराठीची दिशा उलटी. चांगल्या स्मरणशक्तीचे मूल हा गोंधळ दोन-तीन वर्षे सहज लपवते.

पुढच्या इयत्तांत मात्र गणिताचे उदाहरणही वाचूनच सोडवायचे असते. ज्याला वाचता येते तो वाचत वाचत पुढे जातो. ज्याला येत नाही तो वाचन टाळतो आणि आणखी मागे पडतो. मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ साली ही वाढत जाणारी दरी मांडून दाखवली. २०२१ च्या निपुण भारत अभियानानेही तिसरीअखेर समजून वाचता यावे, हेच ध्येय ठेवले. उशिरा मदत करूच नये असे नाही. पण तोवर मुलाने स्वतःला ‘ढ’ मानलेले असते. अक्षरे शिकवता येतात, हा समज पुसणे फार कठीण.

आपल्या जिल्ह्यात ‘उचल’ म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. पैसा आज हातात येतो, फेड पुढे अंगमेहनतीने. आपला हा सब्र म्हणजे मुलाच्या नावावर घेतलेली उचलच आहे. निश्चिंत आपण राहतो, फेडत मूल बसते.

उपाय मोठे नाहीत. पहिली-दुसरीतच डोळे व कान तपासावेत. रोज थोडा वेळ जवळ बसवून वाचून घ्यावे. तरीही अडखळत असेल, तर अध्ययन अक्षमता आहे का ते तज्ज्ञाला विचारावे. २०१६ च्या कायद्याने ती दिव्यांगत्वात धरली आहे, आणि तिचा बुद्धीशी संबंध नाही. ज्यांचे आईबाप ऊसतोडीला गेले आहेत, त्या मुलांजवळ कोण बसणार? ज्याला वाचता येते, त्या प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारावा.