वारसा आणि वहिवाट

पुण्याच्या जुन्या पेठांतून निघणाऱ्या वारसा फेऱ्यांच्या, म्हणजे जाणकार वाटाड्याबरोबर पायी हिंडून शहराचा इतिहास समजून घेण्याच्या कार्यक्रमांच्या, संदर्भात एक वाक्य वारंवार कानी पडते: ‘तिथे आता पाहण्यासारखे काही राहिलेले नाही.’ ते विशेषतः बुधवार पेठेतील भिडे वाड्याबद्दल उच्चारले जाते. ज्या वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली तो वाडा दीर्घ न्यायालयीन वादानंतर, नियोजित स्मारकासाठी, डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला, त्यामुळे वस्तुस्थिती म्हणून हे वाक्य खोटे नाही. खटकते ते त्यामागचे गृहीतक. उभी वास्तू हाच इतिहासाचा पुरावा मानला, की ज्यांना सागवान आणि घडीव दगड परवडले त्यांचाच इतिहास पाहण्याजोगा ठरतो. विश्रामबागवाड्याचा कोरीव दर्शनी भाग दुसऱ्या बाजीरावाच्या ऐश्वर्याची साक्ष आजही देतो. परक्याच्या वाड्यात भरणाऱ्या शाळेकडे असे काही मागे ठेवण्याची ऐपत तेव्हाही नव्हती. भिडे वाडा पडला नसता तरी त्यातून भिड्यांच्या घराची रचनाच अधिक कळली असती, आणि शाळेविषयी वाटाड्यालाच बोलावे लागले असते.

या ठिकाणी महसुली व्यवहारातले दोन शब्द उपयोगी पडतात. वारसा हा रक्ताने किंवा कागदाने मिळतो, त्यासाठी वारसाला काही करावे लागत नाही. वहिवाट मात्र वापराने सिद्ध होते. एखाद्या बांधावरून माणसे वर्षानुवर्षे उघडपणे, विनाखंड ये-जा करीत असतील तर ती वाट त्यांच्या हक्काची ठरते, आणि १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्याने त्यासाठी वीस वर्षांची मुदत घातली आहे. सामाजिक न्यायाचे लढे बहुतांशी वहिवाटीचे लढे होते: कोणत्या रस्त्याने कोणी जावे, कोणत्या हौदावर कोणी घागर बुडवावी, कोणत्या पायरीपर्यंत कोणी चढावे. शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंच्या अंगावर पडलेले शेण आणि त्यांनी बरोबर ठेवलेले दुसरे लुगडे ही कथा शाळकरी मुलांनाही पाठ आहे; तिच्यातला कमी लक्षात घेतला जाणारा भाग असा, की दुसरे लुगडे बरोबर घेणारी व्यक्ती उद्याही याच वाटेने येणार असते. अशा इतिहासाची फेरी पायी काढणे हे म्हणूनच त्या विषयाला साजेसे आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: लोकांच्या दुःखाचे तिकीट लावून प्रदर्शन मांडणे हा व्यापार आहे. आक्षेपात तथ्य आहे, विशेषतः जेव्हा फेरीचा शेवट मिसळीच्या थाळीने होतो तेव्हा. मात्र शनिवारवाड्याला तिकीट आहे म्हणून कोणी हळहळत नाही. सत्तेचा इतिहास विकला तर ते पर्यटन आणि वंचितांचा विकला तर ती विटंबना, ही वाटणी आक्षेपकांनी एकदा तपासून पाहावी. त्यांना इतकेच उत्तर पुरेसे आहे.

महात्मा फुले मंडईसाठी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळावा असे त्यांचे मत होते. इमारत तरीही झाली आणि १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली. १९२४ मध्ये मंडईच्या आवारात लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा राहिला. पुढच्याच वर्षी जोतीरावांचा पुतळा उभारण्याचा ठराव नगरपालिकेत आला तेव्हा तो फेटाळला गेला. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना मंडईला जोतीरावांचे नाव मिळाले. ज्या वास्तूला विरोध केला तिच्यावरच विरोधकाचे नाव कोरले जाणे हा सन्मान की सूड, हे ठरवणे अवघड आहे, आणि भाजी घेणाऱ्याला ते ठरवण्याची निकडही नाही.

तथापि वहिवाटीचा पक्ष इतक्या सुखासुखी टिकत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी पाणी प्याले, त्यानंतर सवर्णांनी न्यायालयात दावा लावून वहिवाटच पुढे केली: तळ्याचा वापर अनादिकाळापासून केवळ स्पृश्यांकडे आहे, सबब इतरांना तिथे हक्क नाही. अशी अनादि रूढी सिद्ध झालेली नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये दिला. पण दहा वर्षे चाललेल्या त्या दाव्याने एवढे उघड केले, की बंद दाराचीही वहिवाट असते आणि ती बहुधा अधिक जुनी असते. तेव्हा नुसत्या पायाखालच्या वाटेचा गौरव करून भागत नाही. वहिवाट जिथे मोडली, किंवा मोडण्याचा प्रयत्न फसला, ती जागा फेरीत असली पाहिजे.

फसलेल्या प्रयत्नांचे स्थान सहसा फेरीबाहेर राहते, कारण वाटाड्यालाही विजयावर थांबणे सोयीचे जाते. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तिथे श्रोते सहज गोळा होतात. पुण्यातल्याच पर्वती टेकडीवरील मंदिराचे तसे नाही. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी तिथे मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज, काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी ही मंडळी त्यात होती. सत्याग्रहींवर दगड पडले, पुढल्या जानेवारीपर्यंत लढा रेंगाळला आणि दार उघडले नाही. तिथे सगळी वास्तू शाबूत आहे, पाहण्यासारखेही भरपूर आहे, आणि पाहणाऱ्याला त्यातून या प्रसंगाचा मागमूस लागत नाही. पाडलेल्या भिडे वाड्याची जागा निदान प्रश्न तरी विचारायला लावते.

आज पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या पुणेकर पहाटे व्यायामासाठी चढतात, काही जण दिवसातून दोनदाही. फेरी काढायची तर ती याच वेळी काढावी आणि वाटाड्याने वरच्या दारापूर्वी, मधल्याच एखाद्या पायरीवर सर्वांना थांबवून बोलावे. तिथे घोळका उभा राहिला की मागून येणाऱ्यांची वाट अडते, आणि ते धापा टाकत, काहीशा त्राग्याने, बाजूला व्हा म्हणतात.